शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करण्याचा गृहिणीचा प्रघात योग्यच आहे. कारण एका भांड्यांतील सारे तांदूळ एकाच आंचेवर शिजलेले असतात. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या हजारों वस्तूंची गोष्ट निराळी. तेथें थोडीं शितें पाहून साऱ्या भाताविषयीं बोलावयाचें, तर तो निर्णय कितपत चुकूं शकेल, हेंही सांगावें लागतें.

समजा, विजेचे दिवे करणाऱ्या एका कारखान्यांत दिवसपाळीच्या मालांतून निवड न करतां २०० दिवे उचलून तपासले. त्यांत १२ सदोष निघाले. रात्रपाळीच्या तितक्याच दिव्यांत २० सदोष निघाले. म्हणजे शेंकडा ६ आणि शेंकडा १०. रात्रपाळीच्या कामगारांना दंड करावा, असें व्यवस्थापकाच्या मनांत आल्यास नवल नाहीं. परंतु दुसरे दोनशे दिवे हातीं आले असते, तर हा ४ टक्क्यांचा फरक टिकला असता काय?

अशा प्रश्नांस उत्तर देणारी ‘विश्वासांतराची’ पद्धति पोलिश गणिती नेमन यांनीं १९३४ सालीं लंडनमध्यें मांडली व १९३७ सालीं तिची सविस्तर उपपत्ति दिली. सातारा जिल्ह्यांत जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच सुमारास तेथें नेमन यांच्यापाशीं शिकत होते.

मोठ्या नमुन्यांसाठीं हिशेब सोपा आहे. प्रत्येक पाळीच्या सदोष प्रमाणास निर्दोष प्रमाणानें गुणावें व नमुन्याच्या संख्येनें भागावें. दोन्ही भागाकारांच्या बेरजेचें वर्गमूळ काढून त्यास १.९६ नें गुणावें. वरील उदाहरणांत उत्तर ५.३ टक्के येतें. तें ४ मधून वजा केलें व ४ मध्यें मिळविलें, म्हणजे खरा फरक उणे १.३ पासून अधिक ९.३ टक्क्यांपर्यंत कोठेंही असूं शकेल, असें ठरतें. या पट्ट्यांत शून्यही आहे. म्हणजे दोन्ही पाळ्या सारख्याच असणें अशक्य नाहीं. आणि केलेला दंड कदाचित् केवळ योगायोगाला केलेला दंड ठरेल!

आतां नमुना दुप्पट करूं. ४०० पैकीं २४ आणि ४०० पैकीं ४० दिवे सदोष निघाले, असें धरूं. प्रमाणें तींच, पण फरकाचा पट्टा आतां पाव टक्का ते पावणेआठ टक्के असा अरुंद होतो. शून्य बाहेर राहिलें. फरक आहे, असें म्हणण्यास आधार मिळाला.

येथें एका चकव्यापासून सावध राहिलें पाहिजे. प्रत्येक पाळीचा पट्टा वेगळा काढला, तर एक ३.७ ते ८.३ आणि दुसरा ७.१ ते १२.९ असा येतो. हे पट्टे एकमेकांवर चढलेले पाहून कित्येक जण ‘फरक नाहीं’ असा निकाल देतात. तो चुकीचा होय. एका नमुन्यानें पार वरचें टोक गांठावें आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें पार खालचें, असा योग विरळा. म्हणून तुलना करावयाची असेल, तर पट्टा फरकाचाच काढावा.

या पद्धतीनें पुनःपुन्हा पट्टे काढले, तर शंभरांपैकीं सुमारे ९५ पट्ट्यांत सत्य सांपडेल, एवढीच तिची ग्वाही असते. फरक कां पडला, हें ती सांगत नाहीं. रात्रीचा अपुरा उजेड, झिजलेलें यंत्र किंवा हलकी कांच हींही कारणें असूं शकतील. योगायोगानें होणारा चढउतार आणि शोधून काढतां येण्याजोगें कारण यांतील भेद अमेरिकेंत वॉल्टर शूहार्ट यांनीं १९२४ सालापासून कारखानदारांच्या मनावर बिंबविला. १९४७-४८ सालीं ते भारतांतही येऊन गेले.

सदोष माल गिऱ्हाइकाच्या घरीं जातां कामा नये, हें खरें. पण निर्दोष माणसाच्या पगारांतून दंड कापला जाणें, हाही एक दोषच आहे. तो टाळण्यासाठीं दंडाच्या आधीं आणखी दोनशे दिवे तपासण्याचे कष्ट घेणें मुळींच महाग नाहीं.