कवट्यांची साक्ष

उदगीरच्या बाजारात देवणी बैल घेणारा शेतकरी प्रथम त्याचे कपाळ पाहतो, मग कान, मग वशिंड, पाय आणि खूर. अंग पांढरे व तोंड काळसर असले तर तो वानेरा, सबंध पांढरा असला तर बालंक्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले तर शेवरा, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्या देवणी गावावरून या जातीला नाव मिळाले ते पूर्वी उदगीर तालुक्यातच मोडत असे. तेव्हा या पारखीत तिकडच्या माणसाचा हात कोणी धरणार नाही.

ही पारख खरी ठरते, याचे कारण उघड आहे. जनावराची जात माणसाने घडविलेली असते. कोणता वळू राखावयाचा आणि कोणता खच्ची करावयाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवून त्याने ती जोपासलेली असते. पण बैल निवडण्याची हीच दृष्टी कोणी माणसांना लावू लागला तर? त्याच बाजारात मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसे एकमेकांशी भाव करीत उभी असतात. त्यांची कपाळे न्याहाळून कोणाची बुद्धी श्रेष्ठ हे सांगू पाहणाऱ्याला बाजार हसेल.

जर्मनीत मात्र त्याला कोणी हसले नाही. हिटलरचा शेतकी मंत्री वाल्टर दारे हा पशुपैदाशीचे शिक्षण घेतलेला मनुष्य होता. छळछावण्यांचा सूत्रधार हाइनरिख हिमलर हा शेतकीचा पदवीधर असून त्याने काही काळ कोंबड्या पाळण्याचा धंदाही केला होता. परंतु अशा माणसांच्या म्हणण्याला एरवी कोण किंमत देता? त्यांच्या शब्दाला वजन आले ते विद्वानांनी आपली मोजमापे त्यांच्या हाती दिली म्हणून. या विद्वानांचे एक प्रमुख पीठ बर्लिनच्या दालेम या उपनगरात होते. मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी १९२७ साली तेथे कैसर विल्हेल्म संस्थेची एक शाखा उघडण्यात आली, आणि प्राध्यापक ऑयगेन फिशर हे तिचे संचालक झाले.

फिशर यांची कीर्ती आफ्रिकेतून सुरू झाली होती. जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा भयंकर संहार झाला. तो होत आला असतानाच, १९०८ साली, फिशर तेथे गेले आणि रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजदाद करून १९१३ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाने त्यांना आनुवंशिकतेच्या शास्त्रात मोठे नाव मिळवून दिले. मिश्र संततीविषयी त्यांची मते काय होती हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

याच फिशर यांच्या हाताखाली अभ्यास करण्यासाठी १९२८ साली पुण्याची एक तरुण विवाहिता दालेमला पोचली. ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे १९०५ साली जन्मलेल्या आणि तेथल्या इरावती नदीचे नाव लाभलेल्या या इरावतीबाई कर्वे. हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून मुंबईस डॉ. घुर्ये यांच्याजवळ त्यांनी एम.ए. केले होते. पती दिनकर धोंडो कर्वे यांचे शिक्षण जर्मनीतच झालेले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे सासरे, महर्षी धोंडो केशव कर्वे, यांना मात्र सुनेचे परदेशगमन पसंत नव्हते. या विसंगतीची मौज वाटते खरी. परंतु सुधारकांच्या घरीही सुधारणा उंबरठ्याशी थोडी अडखळतेच. डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर इरावतीबाई निघाल्या.

त्यांना मिळालेला विषय वरवर पाहता निरुपद्रवी होता. मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक कोणत्या वंशात किती, हे मोजावयाचे होते. फिशर यांचे अनुमान असे की गोऱ्या युरोपियनांत हा फरक विशेष आढळेल. त्यांच्या मेंदूच्या पुढील भागाची एक बाजू अधिक वाढलेली असते, आणि त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ असण्याचे मूळ त्यातच आहे. थोडक्यात, उत्तर आधीच ठरलेले होते. विद्यार्थिनीने त्याखाली आकडे भरावयाचे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. ज्यांची ती मस्तके, त्यांना ना कोणी विचारले होते, ना त्यांच्या आप्तांना. मोजणीतून निघाले ते असे: कवटीच्या दोन बाजूंत फरक असतो, पण तो सर्वच मनुष्यांत असतो, वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात जसाच्या तसा मांडला. ज्यांनी विषय दिला आणि ज्यांच्या हाती पदवी होती, त्यांच्याच अनुमानाला तो छेद देत होता. मार्गदर्शकाचे मन राखण्यासाठी आकड्यांची थोडी ओढाताण करणे ही विद्यापीठांत अश्रुत गोष्ट नव्हे. परदेशात, कर्ज काढून आलेल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने ती केली असती तर तिला कोणी फारसा दोषही दिला नसता. त्यांनी ती केली नाही. पदवी मिळाली, परंतु बरोबरीच्या विद्यार्थ्यांत सर्वांत कमी गुणांची. १९३० साली त्या स्वदेशी परतण्यास मोकळ्या झाल्या.

तीनच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १४ जुलै १९३३ रोजी सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. त्याखाली सुमारे ४ लाख स्त्रीपुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील, आफ्रिकी सैनिकांपासून झालेल्या मुलांना गुप्तपणे निर्बीज करण्यात आले, आणि त्यांच्या वंशाविषयी मत देणाऱ्या तज्ज्ञांत फिशर होते. वळू राखणे आणि खच्ची करणे, हा गोठ्यातला व्यवहार आता माणसांच्या इस्पितळात आला होता.

नाझी छळाचा प्रतिकार म्हटला की १९ एप्रिल १९४३ रोजी वॉर्साच्या कोंडवाड्यात ज्यूंनी मूठभर पिस्तुलांनिशी केलेला उठाव आठवतो, किंवा पत्रके वाटल्याबद्दल त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला म्युनिक येथे शिरच्छेद झालेली हान्स आणि सोफी शोल ही भावंडे आठवतात. ते योग्यच आहे. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. त्याच्या दहा वर्षे अगोदर, जेव्हा हे सारे अजून केवळ एक शास्त्रीय मत होते, तेव्हा त्याला शास्त्राच्याच भाषेत नाही म्हणणारी माणसे हवी होती. ती होती, परंतु फार थोडी.

कार्ल सालर हे त्यांतले एक. हे ग्योटिंगेन येथील जर्मन मानववंशशास्त्रज्ञ. वंश ही काही कायमची, शुद्ध वस्तू नव्हे. जर्मन लोक हे मिश्रणातून घडलेले आणि सतत बदलणारे आहेत, असे त्यांनी नाझी राजवटीतच छापून प्रसिद्ध केले. १९३५ साली त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला. सालर यांना निष्कलंक साधू ठरविण्याचे कारण नाही. सुप्रजननाच्या काही कल्पना त्यांनाही मान्य होत्या. तरी जे असत्य दिसले त्यावर त्यांनी सही केली नाही, आणि त्यासाठी आपली जागा गमावली.

दुसरे नाव ज्यू होते: फ्रान्झ बोआस. जर्मनीतील मिंडेन या गावी १८५८ साली जन्मलेले बोआस अमेरिकेत स्थायिक झाले. १९११ साली त्यांनी सुमारे १८ हजार माणसांच्या मोजमापांवरून दाखविले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार युरोपातून आलेल्या आईबापांच्या डोक्याहून वेगळा होतो. ज्याला वंशाचे अढळ चिन्ह समजले जात होते, ते एका पिढीत बदलत होते! ज्या कील विद्यापीठाने त्यांना १८८१ साली डॉक्टर केले आणि १९३१ साली पुन्हा गौरविले, तेथेच १९३३ साली त्यांची पुस्तके जाळण्यात आली. पंचाहत्तरीचे बोआस स्वस्थ बसले नाहीत. जर्मनीतून हाकललेल्या विद्वानांना त्यांनी जागा मिळवून दिल्या आणि १९३८ साली वंशवादाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर १,२८४ अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सह्या जमविल्या. डिसेंबर १९४२ मध्ये, न्यूयॉर्क येथे सहकाऱ्यांबरोबर भोजन चालू असताना, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी फिशर निवृत्त झाले व त्यांच्या जागी ओट्मार फॉन फेर्शुअर आले. फेर्शुअर यांचा पूर्वीचा साहाय्यक योसेफ मेंगेले हा पुढे आउश्विट्झ येथे वैद्य होता. तेथून रक्ताचे नमुने आणि मारलेल्या माणसांचे डोळे दालेमच्या या संस्थेकडे पाठविले जात. युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार झाला. फिशर यांच्यावर कधी खटला झाला नाही; १९५२ साली जर्मन मानववंशशास्त्र मंडळाने त्यांना सन्माननीय सभासद केले आणि १९६७ साली ते स्वस्थपणे वारले. फेर्शुअर यांना म्युन्स्टर येथे प्राध्यापकपद मिळाले. युद्धानंतर म्युनिकला प्राध्यापक झालेल्या सालर यांनी १९६१ साली नाझी वंशशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तेव्हा पुष्कळ सहव्यवसायी त्यांच्यावरच रागावले.

इकडे इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी जपला, पण बर्लिनची हत्यारे टाकली नाहीत. महाराष्ट्रातील जातीजमातींची डोकी आणि नाके त्या पुढे कित्येक वर्षे मोजीत राहिल्या. आजच्या अभ्यासकांना हे खटकते, आणि ते खटकावयास हवे. मात्र त्या मोजणीतूनही त्यांना उच्चनीचतेची उतरंड सापडली नाही. एकाच वर्णाच्या म्हणविणाऱ्या पोटजातीच परस्परांहून भिन्न आढळल्या. वाचकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. १९७० साली त्यांचे निधन झाले.

दालेमची ती इमारत अजून उभी आहे आणि तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. २०१४ साली जवळच रस्त्याचे काम चालू असता जमिनीतून माणसांची हाडे निघाली. पुढे रीतसर उत्खनन झाले, तेव्हा सुमारे १६ हजार तुकडे हाती लागले. त्यांत स्त्रियांची, पुरुषांची, लहान मुलांचीही हाडे होती. काहींवर चिकटविलेल्या खुणांचे अवशेष होते, ते संग्रहात असत तसे. ही हाडे कोणाची, आफ्रिकेतील की आउश्विट्झची, हे अधिक तपासण्या करून शोधता आले असते. ज्यू, सिंती व रोमा आणि आफ्रिकी लोकांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय झाला. त्या हाडांची वंशवार विभागणी पुन्हा करावयाची नाही, असे सर्वांनी ठरविले. मार्च २०२३ मध्ये दालेमच्या स्मशानभूमीत ती सारी एकत्र पुरण्यात आली.