पडद्यावरचा शॉक

 

आपल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिवेशनाच्या पत्रिकेत माझा विषय ‘चित्रपटांतील मानसिक आजार : एक आढावा’ असा छापलाय. ‘खामोशी’त नर्सच्या मायेने पेशंट बरे होतात आणि शेवटी नर्सच वॉर्डात दाखल होते. ‘देवराई’त अतुल कुलकर्णींनी स्किझोफ्रेनिया असा उभा केला, की आजही मी नातेवाइकांना तो सिनेमा बघायला सांगतो. झाला आढावा. मला बोलायचंय शॉकबद्दल, म्हणजे विजेने फीट आणणाऱ्या ईसीटीच्या उपचाराबद्दल. अध्यक्ष होईपर्यंत थांबलो, कारण अध्यक्षासाठी वेळ संपल्याची घंटा वाजवत नाहीत.

१९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये देव आनंदला विजेचे झटके देते ती खलनायकाची टोळी! १९७५ चा ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ तर ऑरेगनमधल्या खऱ्या मनोरुग्णालयात चित्रित झाला. तिथले अधीक्षक डीन ब्रुक्स यांनी स्वतः डॉक्टरची भूमिका केली. म्हणजे आपलाच माणूस आत होता, आणि तरी त्यात शॉक म्हणजे शिक्षा. पाच ऑस्कर मिळाले. तेव्हापासून दातांत बोळा, ताठ झालेलं अंग, हसणारा डॉक्टर, हे सगळं पटकथा लिहिणाऱ्यांच्या हाताशी तयारच असतं.

भूल न देता, चौघे हातपाय दाबून शॉक देत असत, हे खोटं नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यावर बंदी आली. आमचे लेखकमित्र मात्र अजून त्याच खोलीत कॅमेरा लावून बसलेत.

काल दुपारी वाद रंगला, की सिनेमाने लोकांचं मत खरंच बनतं का. दोन्ही बाजूंनी आलेख दाखवले गेले. मी एका मुलीचं सांगतो. बाळंतपणानंतर बोलणं बंद, खाणं बंद, हात वर उचलून ठेवला तर तसाच राहायचा. कॅटाटोनिया. ईसीटी म्हटल्यावर वडील उठलेच. “पोरीला करंट देणार? टीव्हीवर बघितलंय आम्ही.” घरी घेऊन गेले. परत आणली तेव्हा सलाईनला शीर सापडेना.

वडिलांना मी ईसीटीच्या खोलीत उभं केलं. भूलतज्ज्ञांनी मुलीला झोपवलं, स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. एका पायाला आधीच रक्तदाबाचा पट्टा आवळला होता, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही आणि फीट आलेली कळते. तेवढं पाऊल थरथरलं, मिनिटभरात थांबलं. वडील म्हणाले, “डॉक्टर, सुरू कधी करणार?” तिसऱ्या ईसीटीनंतर मुलीने मोबाईल मागितला आणि चार्जिंग नाही म्हणून नवऱ्यावर ओरडली. आधीचे काही दिवस तिला आठवत नव्हते, तेही सांगतो. आलेखवाल्यांनी आता या बापाला विचारावं.

अहो, आपल्यातलेच मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे इतकी वर्षं पडद्यावर आहेत, आणि तरी आपल्याला एक धड शॉकचा प्रसंग लिहून घेता येत नाही? तर या वर्षी मुंबईत पटकथाकारांबरोबर एक बैठक घ्यायची. कोण, कधी, खर्च कोणाचा, ते कार्यकारिणी बघेल. खजिनदारांनी आत्ताच मान हलवू नये. ईसीटीची खोली मी दाखवतो, येणाऱ्यांनी फक्त चपला बाहेर काढायच्या.