साडेबारा चौरस मीटर



स्वागताध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, की आजचा दिवस आनंदाचा आहे, तेवढा नोटिशीचा विषय टाळा. टाळणार नाही. दरवर्षी हा वाचक मेळावा वाचनालयाच्या दालनात भरतो. यंदा आपण मंगल कार्यालयात बसलोय, भाडं मोजून, कारण त्या दालनाच्या दारावर महापालिकेची नोटीस आहे. घरात आग लागलेली असताना अध्यक्षाने साहित्यातल्या प्रवाहांवर बोलावं अशी अपेक्षा असेल, तर माणूस चुकीचा निवडलात.

नोटीस मी जाऊन वाचली. दिवाळी अंकांच्या कपाटाच्या काचेवर ती डिंकाने चिकटवली आहे आणि तिच्याखाली तीन अंकांची मुखपृष्ठं झाकली गेली आहेत. तिच्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, महापालिकेशी झालेला भाडेकरार संपल्यापासूनची थकबाकी, रेडी रेकनरच्या, म्हणजे जागेच्या सरकारी दराच्या, हिशेबाने. दुसरी, ही इमारत पाडून तिथे बहुमजली वाहनतळ होणार, तेव्हा जागा रिकामी करून ताबा द्या. खाली वाचनालय, वर ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, बाजूच्या हॉलमध्ये महिला मंडळाचा शिवणवर्ग. तिघांनाही एकच मजकूर. नावं तेवढी हाताने भरलेली.

आता हिशेब करू. साहित्यिकांना हिशेब येत नाही असा अधिकाऱ्यांचा समज आहे, तो आज मोडून काढू.

सप्टेंबर 2019 मध्ये राज्य सरकारने महापालिकांच्या मिळकतींसाठी नियम केला, की भाडं रेडी रेकनरच्या बाजारमूल्याच्या 8 टक्के. आपल्या वाचनालयाची जागा साधारण 50 चौरस मीटर. सोयीसाठी दर चौरस मीटरला एक लाख धरा. जागेची किंमत 50 लाख, त्याचे 8 टक्के म्हणजे वर्षाला 4 लाख रुपये. आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला सरकार वर्षाला अनुदान किती देत होतं? 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली, तिचे सत्कार झाले, हार झाले. त्या वाढीनंतर 48,000 रुपये. त्यात ग्रंथपालाचा पगार, पुस्तकं, वीजबिल, सगळं. म्हणजे सरकारने एका खिशातून 48,000 द्यायचे आणि महापालिकेने दुसऱ्या खिशातून 4 लाख मागायचे. त्या 8 टक्क्यांविरुद्ध ओरड झाली, मुख्यतः गाळेधारक व्यापाऱ्यांची, वाचकांची नव्हे. 2023 मध्ये दर खाली आले. शैक्षणिक, धर्मादाय आणि सार्वजनिक कामाच्या जागांना बाजारमूल्याच्या किमान अर्धा टक्का, व्यापारी जागांना किमान 0.7 टक्के. अर्ध्या टक्क्याने आपलं भाडं वर्षाला 25,000 होतं. तेही जड आहे, पण वर्गणी काढून भरता येईल. मग नोटिशीत जुन्या दराची थकबाकी कशी? विचारलं तर उत्तर मिळालं, ‘नियमात किमान म्हटलंय, कमाल म्हटलेलं नाही.’ अशा उत्तरांचा संग्रह काढला तर विनोदी वाङ्मयाचं पारितोषिक नक्की.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. बांधकामाच्या नियमावलीत एका मोटारीला 2.5 मीटर बाय 5 मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर. म्हणजे आपलं अख्खं वाचनालय, कपाटांसकट, वर्तमानपत्रांच्या टेबलासकट, दुपारी चारला येणाऱ्या आजींच्या बाकासकट, चार मोटारींच्या जागेत मावतं. खाली स्टेशन रोडवर जाऊन पाहा. दिवसभर मोटारी उभ्या असतात. रात्रीही असतात. काहींवर कव्हर घातलेलं आहे, म्हणजे मालकाने तिथे संसार मांडला आहे. ती जागाही महापालिकेचीच. त्यांच्या काचेवर कुणी डिंक लावलेला मी पाहिला नाही.

मोकळ्या रस्त्याचा दर बांधलेल्या जागेपेक्षा कमी, हे कबूल. निम्मा धरा, चौरस मीटरला 50,000. साडेबारा चौरस मीटरचे सव्वासहा लाख. त्याच्यावर वाचनालयाला जो सवलतीचा अर्धा टक्का, तोच लावा. वर्षाला 3,125 रुपये, दिवसाला साडेआठ रुपये. कटिंग चहाचे पैसे! तेवढेही आपण मोटारवाल्याकडून घेत नाही. आणि त्याच्या मोटारीला आणखी जागा हवी म्हणून वाचनालय पाडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की पुस्तकाच्या कपाटाला जो गज लावता तोच मोटारीच्या बंपरला लावा. दर कुठलाही ठेवा, गज एक ठेवा.

वाहनतळ झाला की रस्ता मोकळा होईल, असं आयुक्त कार्यालयातून सांगतात. मुंबईकडे बघा. तिथे सार्वजनिक वाहनतळ बांधले, ते ओस पडले आणि त्यांच्या भोवतीचे रस्ते भरलेलेच राहिले. शेवटी जुलै 2019 मध्ये वाहनतळापासून 500 मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर दुचाकीला 5,000 आणि मोटारीला 10,000 रुपयांपासून पुढे दंड लावायची पाळी महापालिकेवर आली. खाली रस्त्यावर फुकट जागा असताना पैसे देऊन चौथ्या मजल्यावर गाडी चढवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आधी रस्त्यावर पैसे घ्यायला लागा, मग बघू किती मजले लागतात.

पुण्याने ते करायचं ठरवलं होतं. मार्च 2018 मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. लगेच विरोध उसळला, सगळ्या रस्त्यांऐवजी पाचच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं, आणि तो प्रयोगही वर्षानुवर्षं कागदावर राहिला. मोटारवाल्याला रुपया मागायची हिंमत कुठल्याच पक्षात नाही. वाचनालयाला चार लाख मागायला हिंमत लागत नाही, एक लिपिक आणि एक डिंकाची बाटली पुरते.

डोनाल्ड शूप नावाचे लॉस एंजेलिसचे एक प्राध्यापक होते, 2025 मध्ये वारले. फुकट पार्किंग किती महाग पडतं यावर त्यांनी 2005 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं सांगणं सरळ होतं: रस्त्यावरच्या जागेला असा दर लावा की प्रत्येक रस्त्यावर एकदोन जागा कायम मोकळ्या राहतील, आणि आलेला पैसा त्याच पेठेत खर्च करा. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावाने 1993 मध्ये जुन्या बाजारात मीटर बसवले. दुकानदार भांडायला उठले होते. पैसा आपल्याच फुटपाथवर, आपल्याच दिव्यांवर लागणार हे कळल्यावर तेच राजी झाले. आपल्याकडे जिथे कुठे पार्किंगचे पैसे घेतात, तिथे हा पैसा ठेकेदाराकडे जातो, तिथून महापालिकेच्या तिजोरीत, आणि तिथून कुठे ते लेखापरीक्षकालाच विचारा.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही टाळ्या वाजवताय, पण तुमची बाजूही काही फार स्वच्छ नाही. समाजमंदिरं आणि महापालिकेचे हॉल घेऊन बसलेल्या सगळ्या संस्था आपल्यासारख्या आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. व्यायामशाळेच्या नावाने घेतलेल्या जागेत साड्यांचा सेल लागतो. अभ्यासिकेला कुलूप आणि किल्ली भाऊंच्या कार्यालयात. वाचनालयाची पाटी, आत नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यांच्या दारावर नोटीस नाही, कारण भाऊ आहेत. आपल्या दारावर आहे, कारण आपल्याकडे फक्त नोंदवह्या आहेत. तर त्या नोंदवह्याच उघडा. कुठली संस्था रोज किती तास उघडी असते, किती माणसं येतात, पोटभाडेकरू आहे का, हे महापालिकेने तपासावं आणि यादी प्रभाग कार्यालयात लावावी. आपलं वाचनालय त्यात नापास झालं, तर किल्ली मी स्वतः नेऊन देईन.

आणि मोटारवाले काही परके नाहीत. मला आणायला संयोजकांनी गाडी पाठवली, ती आत्ता बाहेर ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली उभी आहे. तिच्या मागे आणखी रांग आहे. भाषण संपेपर्यंत टोइंगची गाडी आली तर मला आनंद होईल. परतीची सोय माझी मी करीन.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. तेव्हा तिथे नगरपालिकाही नव्हती, महापालिका तर 1982 ची. पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, त्याच्या जन्माशी लोकहितवादींचं नाव जोडलेलं आहे. माणसांनी आधी वाचायला जागा केली, मग गाव चालवायला कचेरी केली. आज त्या कचेरीचा मिळकत विभाग आपल्याला भाडेकरू म्हणून पत्र लिहितो. कायद्यातही वाचनालय महापालिकेच्या ऐच्छिक कामांत बसवलेलं आहे. ऐच्छिक म्हणून टाळता येतं. पण टाळायचं असेल तर सभेत उभं राहून, हात वर करून टाळा.

कारण हा निर्णय घेतला कुणी? 2022 पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक बसले. लोकांच्या प्रतिनिधींशिवाय वर्षांमागून वर्षं गेली; निवडणुका घ्या असं मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं. आपल्या इमारतीचा ठराव त्याच काळातला आहे, प्रशासकांच्या एकट्या सहीचा. सभा नाही, चर्चा नाही, हरकती-सूचना नाहीत. तेव्हा नगरसेवक नव्हते, म्हणून त्यांना दोष देत नाही. आता आहेत. तो ठराव फेरविचारासाठी आणायचा की तसाच पचवायचा, ही त्यांची जबाबदारी. आणि आणायचा तर विषयपत्रिकेवर छापून आणा. रात्री साडेआठला, निम्मं सभागृह रिकामं असताना, आयत्या वेळचा विषय म्हणून आणू नका, आणि आवाजी मतदानात उरकू नका. कोण कुठल्या बाजूला होतं हे आम्हाला नावानिशी हवंय.

मसुदा मी लिहून आणलाय, दीड पान आहे. वाहनतळाचा ठराव स्थगित करावा. प्रभागातल्या प्रमुख रस्त्यांवर पे अँड पार्क सुरू करावं. त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा प्रभागातल्या वाचनालयाला, ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीला आणि महिला मंडळाच्या हॉलला मिळावा. संस्थांचं भाडं अर्ध्या टक्क्यावर ठेवावं आणि दरवर्षी तपासणी व्हावी. हिस्सा किती ते कोरं ठेवलंय, घासाघीस करायला तुम्हाला काहीतरी हवंच. खाली सूचक आणि अनुमोदक यांच्या दोन जागाही कोऱ्या आहेत.

पहिल्या रांगेत तिन्ही पक्षांचे नगरसेवक बसलेत. आभारप्रदर्शनाला अजून दहा मिनिटं आहेत आणि माइक मी सोडलेला नाही. कोण येतंय?