प्रमाणपत्राची मोटार



मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. जुनी मोटार अशी वाजवून पाहता येत नाही. तिचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या साध्या गोष्टीवर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला काढीत नाही, आणि बाजारात गाळसाळ तेवढा उरतो. २००१ साली अ‍ॅकरलॉफ यांना अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर व्यापाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे 'प्रमाणित' जुनी मोटार. अमेरिकेत जनरल मोटर्सने १७२ मुद्द्यांच्या तपासणीची जाहिरात केली, टोयोटाने १६० मुद्द्यांची. आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण अशा यादीत ब्रेक हा जसा मुद्दा, तसा रेडिओ हाही मुद्दाच! मुद्दे मोजले जातात, तोलले जात नाहीत. टायरची नक्षी किती झिजली, ब्रेकचे अस्तर किती उरले, हे मोजता येते. रंगाचा थर मोजून पत्रा ठोकून सारखा केला आहे काय, हेही कळते. इंजिन मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही. गाडीतल्या संगणकाने केलेली दोषाची नोंद पुसता येते, आणि दोष पुन्हा उमटायला गाडी काही काळ चालवावी लागते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. झिजेचा दोष डोळ्यांना दिसतो. जन्मजात दोष कारखान्याच्या दप्तरात असतो. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा खटका चालता चालता निसटे. त्यासरशी इंजिन बंद पडे आणि अपघातात हवेची पिशवी फुगत नसे. या दोषापायी १२४ माणसे दगावल्याचे भरपाईच्या वेळी मान्य झाले. कंपनीने २०१४ साली अशा लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तपासणीच्या दिवशी मात्र ती किल्ली बिनतक्रार फिरणार!

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ साली या कंपनीवर आणि काही मोठ्या विक्रेत्यांवर नेमका हाच आरोप ठेवला : कसून तपासणीची जाहिरात केली, पण काही गाड्यांची परत बोलावून करावयाची दुरुस्ती झालेली नाही, हे गिऱ्हाइकाला नीट सांगितले नाही. प्रकरण तडजोडीने मिटले. अशा गाड्या विकण्यास बंदी झाली नाही. जाहिरातीत ही गोष्ट स्पष्ट सांगावी, असे बंधन आले.

मग प्रमाणपत्र फोल म्हणावे काय? तसे नाही. पण त्याचे बळ मुद्द्यांच्या संख्येत नसून हमीत आहे. तपासनीस हा विक्रेत्याचाच पगारी माणूस. 'ठीक' अशी खूण करायला त्याला काही पडत नाही. उद्या इंजिन बिघडले तर खर्च ज्याच्या खिशातून जाणार, तोच आज डोळ्यांत तेल घालून पाहील. म्हणून 'किती मुद्दे तपासले?' असे न विचारता 'काय बिघडले तर पैसे कोण भरणार, आणि किती महिने?' असे विचारावे. भरलेला तपासणी-तक्ता सहीसह मागावा. चासीच्या क्रमांकावरून राहिलेली दुरुस्ती कंपनीकडे विचारावी. आणि आपल्या विश्वासातला मेस्त्री बरोबर न्यावा. विक्रेत्याने त्याला गाडी पाहू दिली नाही, तर तेवढ्यावरूनच गाडीची पुरेशी तपासणी झाली असे समजावे.