यंत्राचे आयुष्य ठरवणार कोण?



आइसलँड या छोट्याशा देशात १९६४ साली आयबीएम कंपनीचा १४०१ या क्रमांकाचा संगणक आला. त्याची देखभाल करणारे मुख्य अभियंते योहान गुन्नारसन यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. या यंत्राच्या स्मृतिकोशातून विद्युत्‌चुंबकीय लहरी बाहेर पडत आणि जवळ रेडिओ ठेवला की त्या ऐकू येत. विशिष्ट क्रमाने आज्ञा दिल्यास त्या लहरींतून चक्क सूर उमटत. १९७१ साली ते यंत्र सेवेतून काढण्यात आले, तेव्हा त्याला एक लहानसा निरोपसमारंभ लाभला. त्याचे सूर अखेरचे वाजवले गेले. ते ध्वनिफितीवर जतनही झाले. पुढे त्या अभियंत्याचे संगीतकार पुत्र योहान योहानसन यांनी या ध्वनिफितींच्या आधारे एक संगीतरचना केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली.

आकडेमोड करणाऱ्या एका लोखंडी कपाटाला माणसांनी असा निरोप द्यावा, याचे काहींना हसू येईल. परंतु ज्याने यंत्राशेजारी उमेदीची वर्षे घालवली आहेत, त्याला हसू येणार नाही. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला विचारावे. केस गेली, खिळे वितळले, तरी कोणता खिळा कोणत्या खणात होता हे त्याच्या बोटांना अजून आठवत असते. संगणकाच्या बाबतीतही आता तेच घडते आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी प्रथम संगणकाला हात लावला, त्यांना तो काळा पडदा, त्यावरची हिरवी अक्षरे, फ्लॉपी फिरताना होणारी घरघर आठवते. विंडोज ९५ सुरू होताना वाजणारी, ब्रायन ईनो यांनी रचलेली काही सेकंदांची धून आठवते. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आठवते. कॅलिफोर्नियातल्या त्या टेकडीचे छायाचित्र चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली काढले होते. आज जगभर कितीतरी माणसे नव्या संगणकाच्या पोटात डॉसचा जुना संसार पुन्हा थाटतात आणि त्यात रमतात.

या ओढीला निव्वळ म्हातारपणीचा हळवेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. वास्तविक तिच्या तळाशी एक अनुभव आहे आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे. १९८१ साली आयबीएमच्या पर्सनल काँप्युटरबरोबर जी डॉस प्रणाली आली, ती एका फ्लॉपीवर मावत असे. संगणक सुरू होताना काय काय करील हे दोन लहान फायलींत लिहिलेले असे, आणि त्या फायली वापरणारा स्वतः उघडू शकत होता, वाचू शकत होता, बदलूही शकत होता. यंत्राचे झाकण चार स्क्रू काढले की निघे. स्मृती कमी पडली तर वाढवता येई. एखादे कार्ड बिघडले तर तेवढेच बदलता येई. आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत स्मृती मूळ फळीवरच डाखून टाकलेली असते, बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते. आणि संगणक आपल्या निर्मात्याशी परस्पर काय बोलतो, याचा पत्ता मालकाला क्वचितच लागतो. जुन्या यंत्राच्या आठवणीने माणूस व्याकूळ होतो तेव्हा त्याला पूर्वी असलेली हुकमत आठवत असते. यंत्र अडाणी होते, मंद होते. पण ते हाताखाली होते.

अर्थात, या आठवणींतून सुवर्णयुग उभे करण्याचे कारण नाही. ज्या डॉसच्या नावाने आज उसासे टाकले जातात, तिला आपण होऊन मराठीचे एक अक्षरही उमटवता येत नव्हते. त्यासाठी जिस्टचे वेगळे कार्ड बसवावे लागे. संगणकाची किंमत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची होती. कोकणच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी येई आणि वर्षाचे काम एका रात्रीत जाई. बँकांत यंत्रे आली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या मनात नोकरीची धास्ती होती. १९८३ साली संघटनांनी व्यवस्थापनाशी रीतसर करार केला, तेव्हाच त्यांची वाट मोकळी झाली. आणि मुख्य म्हणजे, डॉसही लोकांच्या मालकीची नव्हतीच. सिअ‍ॅटलमधील एका लहान कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ती १९८१ साली विकत घेतली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ संहिता जगासमोर आली २०१४ साली, म्हणजे तिच्यातून पैसा निघण्याचे थांबल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. तेव्हा जुने म्हणून चांगले हा न्याय येथेही लागू पडत नाही. मग कोणता न्याय लावावयाचा?

याचे उत्तर शोधताना पुन्हा त्याच १४०१ कडे यावे लागते. आइसलँडमधील यंत्राला १९७१ साली निरोप मिळाला. त्याच वर्षी आयबीएमने या जातीचा संगणक बाजारातून मागे घेतला. भारतात मात्र अन्यत्र वापरून झालेली १४०१ यंत्रे डागडुजी करून भाड्याने दिली जात होती, आणि ती त्यानंतरही चालू राहिली. यंत्र कंपनीचे, दुरुस्ती करणारे हात कंपनीचे, सुटे भाग कंपनीचे. ग्राहकाने केवळ भाडे भरावयाचे. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ सालच्या आपल्या अहवालात सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची झडती घेतली, तीत या व्यवहारावरही टीका झाली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी भारतीय शाखेतील आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणावा, अशी अट होती. १९७७ साली जनता राजवटीत समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि अटीची अंमलबजावणी खरोखरच होणार हे स्पष्ट झाले. मालकीत वाटेकरी घेण्यापेक्षा देश सोडणे आयबीएमने पसंत केले. १९७८ साली ती गेली.

तेव्हा अनेकांनी भाकीत केले होते की यंत्रे ठप्प होतील. तसे घडले नाही. सरकारी क्षेत्रातील काँप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने देखभालीचे काम हाती घेतले, आणि त्या यंत्रांच्या पोटात काय आहे हे भारतीय अभियंत्यांना कोणाच्या परवानगीवाचून पाहता आले. पुढे आयबीएम नव्वदच्या दशकात परत आली आणि सीएमसी २००१ साली टाटा समूहाकडे गेली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मधल्या काळाने एक धडा दिला, तो कोणत्याही विक्रीपत्राने पुसला जात नाही: यंत्र ज्याच्या हातांनी दुरुस्त होते, त्याच्या इच्छेने ते जगते.

आता आजचे चित्र पाहावे. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली. तिची नेहमीची सुरक्षादुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तिच्या जागी आलेली विंडोज ११ बसवण्यासाठी संगणकात टीपीएम नावाची विशिष्ट सुरक्षाव्यवस्था आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर असावा लागतो. परिणामी पत्रे लिहिणारे, हिशेब ठेवणारे, मुलांना शिकवणारे, धडधाकट चालणारे कोट्यवधी संगणक एका तारखेला ‘कालबाह्य’ ठरले. कॅनॅलिस या संशोधनसंस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता की, या निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात.

सत्तरच्या दशकात तक्रार होती ती टाकाऊ यंत्रे गळ्यात मारली जातात अशी. आज तक्रार आहे ती चांगली यंत्रे टाकून द्यावयास लावतात अशी. वरवर पाहता या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात. म्हणूनच काही टीकाकार विचारतात: अहो, जुने दिले तरी तुमची ओरड, नवे दिले तरी तुमची ओरड; तुम्हांला हवे तरी काय? उत्तर सरळ आहे. यंत्र केव्हा जुने झाले हे ठरवण्याचा अधिकार दोन्ही वेळा वापरणाऱ्याकडे नव्हता. भाड्यात नफा होता तेव्हा यंत्राचे आयुष्य लांबवले गेले; विक्रीत नफा आहे तेव्हा ते आखूड केले जाते.

प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. जुनी प्रणाली धोक्याची असते, हे खोटे नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर थैमान घातले, ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक इस्पितळांचे काम त्याने खिळवून टाकले. दुरुस्ती न झालेल्या प्रणालीच त्याला बळी पडल्या. सुरक्षा हवीच. परंतु धरण जुने झाले म्हणून गावाने स्थलांतर करावे, असे कोणी म्हणत नाही. धरणाची दुरुस्ती करावी, असेच म्हणतात. आणि दुरुस्ती अशक्य होती असेही नाही. पैसे भरणाऱ्यांसाठी ती चालूच राहणार होती. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील घरगुती ग्राहकांसाठी आणखी एक वर्षाची दुरुस्ती विनाशुल्क आणि सैल अटींवर देण्याचे कंपनीने मान्य केले. जेथे संघटना होती तेथे यंत्राचे आयुष्य वर्षभराने वाढले. तंत्रज्ञान तेच होते. फरक संघटनेचा होता.

टाकलेल्या यंत्राचे पुढे काय होते, हा प्रश्न तर याहून कडवट आहे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट नोंदली गेली नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत माणसे तांब्यासाठी तारा जाळतात, धातूसाठी फळ्या आम्लात बुडवतात आणि तो धूर छातीत घेतात. ज्याने आयुष्यात कधी संगणक वापरला नाही, तोच संगणकाच्या मरणाचा अखेरचा वाटेकरी होतो.

यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट मरते, आणि मराठी वाचकाने तिकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नव्वदच्या दशकापासून मराठी साप्ताहिके, पुस्तके, अहवाल, पत्रके संगणकावर जुळवली जाऊ लागली. तेव्हाच्या फाँटांत देवनागरीची वळणे इंग्रजी अक्षरांच्या खणांत बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फाँट नसेल तर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी होऊन अवतरतो. काही सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीला लावावयाच्या डोंगल नामक कुलपावाचून चालत नसे. त्या कुलपाची खोबणच नव्या संगणकाला नाही. ज्या पेजमेकरवर पाने लावली जात, त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला सर्वमान्य स्थान मिळाले होते. परंतु मराठी छापखान्यांत तिचा वापर रुळायला पुढे पुष्कळ वर्षे गेली. त्या मधल्या काळातील मजकूर आजही अनेक कचेऱ्यांत एखाद्या जुन्या एक्सपी यंत्राच्या आधाराने श्वास घेतो आहे. ते यंत्र ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी संपांचे वृत्तांत, दुष्काळी परिषदांचे ठराव, दिवंगत कार्यकर्त्यांवरील मृत्युलेख असा सारा ऐवज डोळ्यांसमोर असून वाचता येणार नाही. तेव्हा ते यंत्र सांभाळणे हे हळवेपणाचे लक्षण मानू नये. ती दप्तराची राखण आहे.

मग मार्ग कोणता? तो नवा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. जगभरच्या हजारो हातांनी ते काम वाढवले. केरळात २००१ साली सुरू झालेल्या आयटी अ‍ॅट स्कूल या उपक्रमाने पुढे सरकारी शाळांचे संगणक याच मुक्त प्रणालीवर आणले. विंडोज ११ ने नाकारलेल्या बहुसंख्य संगणकांवर लिनक्स आजही सुखाने चालते. येथेही भाबडेपणा नको. मुक्त प्रणालीही जुनी यंत्रे मागे टाकते. ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्सने २०१२ साली काढून घेतला. परंतु ती चर्चा उघड्यावर झाली आणि मूळ संहिता सर्वांच्या हाती राहिली. ज्याला जुने यंत्र जगवायचे आहे त्याला कोणाची मनाई नाही. फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

कार्यकर्त्याला यातून तीन कामे दिसावीत. संस्थेच्या जुन्या फायली यंत्र चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून ठेवणे, हे पहिले. त्यासाठी लागणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. हवी आहे ती चिकाटी. कचेरीतला संगणक ‘जुना झाला’ असे विक्रेत्याने सांगितले म्हणून तो न टाकता त्यावर मुक्त प्रणाली बसवून पाहणे, आणि वस्तीतील दोन तरुणांना ते शिकवणे, हे दुसरे. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत जनतेच्या पैशाने जी खरेदी होते, तीत दुरुस्तीचा हक्क आणि कोणालाही वाचता येईल असा फायलींचा साचा या अटी घालावयास लावणे, हे तिसरे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केलेच आहे. धोरणाचा कागद आणि कचेरीतील टेबल यांतले अंतर तोडणे हे चळवळीचे काम.

आइसलँडच्या त्या अभियंत्याने यंत्राचे सूर जतन करू शकले, कारण यंत्राच्या अंतरंगाशी त्याची ओळख होती. यंत्राचे अंतरंग ज्याला बंद आहे, त्याच्या वाट्याला निरोपसमारंभही येत नाही. येते ते फक्त नव्या खरेदीचे बिल.