जमीन सोडवायचा हक्क कुणाकुणाला?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पऱ्हाटी वाळली, ज्वारी काळी पडली, की आपण सातबारा घेऊन कर्जासाठी निघतो. एकाच रानावर सोसायटीचा इकरार चढतो आणि सावकाराचे गहाणखतही होते. मग ते रान सोडवायचा हक्क कुणाला, आणि किती दिवस? आज आपण एवढेच बोलू.

आपण समजतो, गहाण आपण टाकले, सोडवायचे तेही आपणच. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तसे म्हणत नाही. कलम ९१ प्रमाणे त्या जमिनीवर ज्याचा बोजा आहे तो दुसरा धनकोही सोडवू शकतो, जामीनदारही सोडवू शकतो. धनको हे उपकार म्हणून करत नाही. पहिल्याने जमीन मातीमोल विकली, तर आपल्या हाती काही उरणार नाही, हे त्याला कळते.

इथेच आपण फसतो. दुसऱ्याने पैसे भरले म्हणजे कर्ज फिटले असे नाही. कलम ९२ प्रमाणे तो पहिल्याच्या जागी उभा राहतो. गहाण तसेच, मागणारा बदलला. म्हणून कुणी "तुमची जमीन सोडवून देतो" म्हणत आला, तर पावती कुणाच्या नावाची ते विचारा. नोंदणीचा कागद पुढे केला, तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

लिलाव झाला तरी त्याच दिवशी सगळे संपत नाही. दिवाणी कोर्टाच्या लिलावानंतर ६० दिवस असतात, सोसायटीच्या वसुली अधिकाऱ्याच्या लिलावानंतर ३० दिवस. जाहीरनाम्यातली बाकी आणि लिलावाच्या किमतीवर ५ टक्के भरून विक्री रद्द करून मागता येते. बोली २ लाखांवर सुटली, तर ते ५ टक्के म्हणजे १० हजार, आणि ते खरेदीदाराला जातात. अर्ज आणि पैसे दोन्ही मुदतीत हवेत. लिलाव कायम झाला, की हे दार बंद.

आणि ज्यांनी कर्जापोटी खरेदीखतच करून दिले, त्यांचे काय? १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आज दस्त जाळायची गरज नाही. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून जमीन गेली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार कर्जाचाच होता हे पटले, तर जमीन परत द्यायचा हुकूम होतो.

पण पुरावा लागतो. व्याजाच्या चिठ्ठ्या, साक्षीदार, आजवर कसत आल्याच्या नोंदी जपून ठेवा.

घरी गेलात की सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना वाचा. नोटीस आली तर लाजेने फडताळात कोंबू नका, गावच्या बैठकीत आणा. कर्ज होणे हा गुन्हा नाही. मुदत हुकली तर मात्र जमीन जाते.