वेचणी झाल्यावर बघू

(पाथर्डी तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. ते बोलूच. आधी दुसरे एक सांगायचे आहे.

परवा एका कार्यकर्त्याच्या घरी चहाला थांबलो. घरची बाई कमरेला फडके गच्च बांधून चुलीपुढे बसली होती. विचारले, तर म्हणाली, "दोन महिने झाले दुखतंय. वेचणी झाल्यावर बघू." नवरा शेजारीच बसलेला. आमचा खंदा कार्यकर्ता, आंदोलनात दोनदा तुरुंग बघून आलेला. त्याच्या गोठ्यातल्या म्हशीने आदल्या दिवशी चाऱ्याला तोंड लावले नाही, तर गडी रात्रीच मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला होता.

हसू नका. वेचणी झाली की ज्वारी येते, शाळू उपटता उपटता उरलीसुरली कंबर जाते, मग लग्नसराई, मग पेरणी. "नंतर बघू" यातले नंतर कुणाच्या घरी आले आहे ते सांगा.

आमच्या घरचेही सांगतो. आम्ही शेतकीचे पदवीधर. बोंडअळीवर कधी, काय, किती फवारायचे हे गावोगाव सांगत फिरलो. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ शेकडो शेतकऱ्यांना समजावला. आणि स्वतः फवारून आलो की कपडे न्हाणीत टाकून मोकळे. ते कपडे आधी आमच्या आईने आणि पुढे बायकोने उघड्या हातांनी धुतले. हातांची आग होते, डोके धरते, असे दोघीही म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, उन्हाने झाले असेल. लाल त्रिकोण न्हाणीपर्यंत काही पोचला नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा आम्ही मोर्चात होतो, सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारत होतो. विचारायलाच हवा होता. पण त्या रात्री घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचे कपडे मी किती वर्षं धुतले?" उत्तर आले नाही.

आता जामखेडचे. इथल्या पुष्कळांनी तो दवाखाना पाहिला आहे, पण तिथे काय घडले ते थोड्यांनाच ठाऊक. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे तिथे आले. रजनीकांत आपल्या राहुरीचे. दोघे वेल्लोरला डॉक्टरी शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांनी गावाला विचारले, काय पाहिजे? गावाने औषध मागितले नाही. पाणी आणि धान्य मागितले. लगेच 1972 चा दुष्काळ आला. मग विहिरी, बोअर, लहान पोरांसाठी शिजवलेले अन्न, हेच त्यांचे औषध झाले. बोअर घेतले ते दलित वस्तीत. पाणी पाहिजे तर सगळ्यांनी तिथे या! तरुण शेतकऱ्यांची मंडळे काढली तीसुद्धा व्याख्यान देऊन नव्हे. व्हॉलिबॉलची जाळी बांधली. चेंडू जात विचारत नाही, एवढाच हिशेब होता.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवल्या. ते जमले नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असे ठरले. अशा बायांत बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या मुलांचे वजन करायला, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी द्यायला, बाळंतपण करायला शिकल्या. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिला रात्री दोन वाजता कंदील घेऊन बोलवायला माणूस जाऊ लागला. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागे 176 पोरे वर्षाच्या आत दगावत. 1990 च्या दशकात प्रकल्पाच्या नोंदीत हा आकडा तिशीच्या खाली आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली.

आम्हाला सेवाभावी मंडळींचे फारसे कौतुक नव्हते. शेतकऱ्याला भाव द्या, डॉक्टर तो स्वतः बघून घेईल, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. ते खोटे नाही. खिशात पैसा नसलेला माणूस दुखणे अंगावरच काढतो, आणि मोठे दुखणे आले की जमीन जाते, हे सांगायला जामखेडला जायला नको. पण भावाचा पैसा घरात आल्यावर तो कुणाच्या दुखण्यावर आधी खर्च होतो? 1986 साली चांदवडला लाखांनी बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत कितीतरी घरांत जमीन बायकोच्या नावावर झाली. चांगलेच झाले. पण सातबारा तिच्या नावावर आणि बँकेचे पासबुक याच्या खिशात, अशी घरे आम्ही मोजायची सोडून दिली आहेत. दवाखान्यात जायचे तर ती अजून विचारूनच जाते.

सरकारचा कृषिमूल्य आयोग कापसाच्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो. त्या मजुरीने मोडलेली कंबर धरत नाही. आपण त्याच्यावर टीका करतो. आपल्या वहीत तरी ती आहे का? म्हणून यंदा उत्पादन खर्चाचा तक्ता भरताना एक रकाना वाढवायचा आहे: घरात कोण आजारी पडले, किती दिवस अंगावर काढले, किती खर्च झाला. हा रकाना घरच्या बाईने सांगायचा, पुरुषाने नुसता लिहायचा. लिहिताना मध्ये बोलायचे नाही. फवारणीचे कपडे ज्याचे त्याने वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवायचे. तक्ते घेऊन पुढच्या बैठकीला जोडीने या.

सुरुवातीला सांगितलेला कार्यकर्ता आज इथे नाही. त्याची गैरहजेरी मांडू नका. तो बायकोला घेऊन नगरला गेला आहे. त्याच्या गटाचा हिशेब पुढच्या वेळी घेऊ. आता कापसाकडे वळू.